चीनची बातमी लावताना

सांगलीत आपल्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवीन आलेल्या मुलामुलींच्या गळ्यात आधी परदेशाचं पान पडतं, कारण त्या पानावरून भांडायला कुणी येत नाही. चीनची बातमी हातात आली की ती खालून वाचा. तळाशी 'अमुक यांचे सहकार्य' अशी एक ओळ असते. जागा कमी पडली की आपली कात्री हमखास तिच्यावर चालते. चालवू नका.

त्या ओळीतला माणूस बरेचदा चिनी नागरिक असतो, आणि तिथल्या नियमांनुसार तो पत्रकारच नसतो. २००८ च्या नियमावलीप्रमाणे परदेशी माध्यमांना चिनी माणूस फक्त सहायक कामासाठी ठेवता येतो, तोही सरकारमान्य सेवा संस्थेमार्फत. पत्रकाराचं ओळखपत्र त्याला मिळत नाही. फोन लावणं, कागद धुंडाळणं, घाबरलेल्या माणसाला बोलतं करणं मात्र त्याच्याकडेच. आपणही 'जत, वार्ताहर' एवढंच छापतो, पण जतचा आपला माणूस निदान स्वतः बातमी देऊ शकतो.

गोत्यात येतो तोही हाच. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे संशोधक झाओ यान २००४ मध्ये पकडले गेले. सरकारी गुपितं फोडल्याचा आरोप टिकला नाही, तरी फसवणुकीच्या खटल्यात तीन वर्षं गेली. जर्मन साप्ताहिक 'डी त्साइट'च्या सहायक झांग म्याओ २०१४ मध्ये अटकेत गेल्या. त्यांच्या जर्मन वार्ताहर बाईंना देश सोडता आला. झांग नऊ महिने आत होत्या. 'ब्लूमबर्ग' वृत्तसंस्थेच्या हेझ फॅन यांना डिसेंबर २०२० मध्ये नेलं, जामीन थेट जानेवारी २०२२ मध्ये.

(चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणून दुसऱ्या उल्लेखात 'झांग' लिहा, 'म्याओ' नव्हे. हेझ हे इंग्रजी नाव असल्याने तिथे आडनाव नंतर येतं, म्हणून 'फॅन' लिहा.)

आता खरी जोखमीची जागा. मूळ बातमीत 'एका कामगाराची पत्नी' असेल, तर तेवढंच ठेवा. एका वृत्तसंस्थेच्या बातमीतून गाव, दुसरीतून कारखाना, तिसरीतून वय असं जोडून बातमी भरीव करण्याची आपल्याला फार हौस. त्या जोडकामातून बाई ओळखू येते, आणि तिच्यामागून तिच्याशी बोललेला सहायकही. फोटोओळीलाही हेच लागू. शंका आली तर तपशील गाळा, उरलेली जागा भरायला जाहिरात विभागाकडून दोन ओळींचा फिलर मागून घ्या. त्यांच्याकडे तो कायम असतो.