पुस्तक आत्ताच का सरकत नाही? मूड आणि ऋतू पाहून वाचन कसं निवडावं

पुस्तक चांगलं असतं, विषय नुसता आवडीचाच नाही तर हौसेने निवडलेला असतो, आणि तरी चाळिसाव्या पानावर गाडी अडते. मग वाचक स्वतःला आळशी ठरवतो, नाहीतर पुस्तकाला रटाळ. पुष्कळदा दोघांचाही दोष नसतो. पुस्तक जेवढं लक्ष मागतं, तेवढं त्या दिवसांत वाचकाकडे शिल्लक नसतं. म्हणून विषयाच्याही आधी पुस्तकाचं ओझं बघावं.

ते मोजायला पंधरा मिनिटं पुरतात. पहिलं पान सोडून द्या, कारण त्यावर लेखकाने सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते. पुस्तकाचा साधारण पाव भाग सोडून पुढे एक जागा उघडा आणि तिथून सलग पाच पानं नेहमीच्या वेगाने वाचा. (रहस्यकथेला हे लावू नका, तिथे दुसरं प्रकरण घ्या.) किती मिनिटं लागली, किती नावं लक्षात ठेवावी लागली, किती वाक्यं परत वाचावी लागली आणि प्रकरण किती पानांनी संपतं, एवढं टिपा. सात-आठ मिनिटांत पाच पानं झाली तर पुस्तक हलकं. पंधरा मिनिटं लागली आणि तीन-चार वाक्यं दोनदा वाचावी लागली तर जड. जड म्हणजे वाईट नव्हे, त्याला वेगळा दिवस लागतो इतकंच.

आता मूड. ‘मूड नाही’ एवढ्यावर थांबू नका. थकवा, उदासी, बेचैनी आणि कंटाळा या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघींना चालणारं एकच पुस्तक सहसा सापडत नाही.

थकलेल्या डोक्याला नवीन माणसांची ओळख करून घेणं जड जातं. तेव्हा सात-आठ पानांत संपणारी प्रकरणं घ्या, किंवा आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा काढा. पुन्हा वाचणं हा वेळेचा अपव्यय मानू नये. पहिल्या वाचनात कथेच्या ओघात निसटलेली वाक्यं तेव्हाच हाताला लागतात. बेचैन असाल तर चिंतनपर लेखन टाळा. त्यात मोकळ्या जागा फार असतात आणि प्रत्येक जागेत आपलीच काळजी येऊन बसते. घटना भराभर घडणारी कथा, किंवा ‘हे कसं चालतं’ हे तपशिलाने सांगणारं पुस्तक, लक्ष धरून ठेवतं. कंटाळा मात्र वेगळा. कंटाळलेला माणूस उत्तेजक गोष्टीकडे वळतो आणि ताणाखालचा माणूस शांत गोष्टीकडे, असं ब्रायंट आणि झिलमन या अभ्यासकांना 1984 मध्ये टीव्हीवरच्या कार्यक्रमांच्या निवडीबाबत दिसलं होतं. पुस्तकांनाही हे लावून बघण्यासारखं आहे: कंटाळ्यात अनोळखी विषय घ्या, ताणात ओळखीचा.

उदासीत सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली चूक म्हणजे लगेच विनोदी पुस्तक हातात घेणं. मन तयार नसताना विनोद कानावर नुसता आदळतो, आणि एरवी खुलवणारं पुस्तक कायमचं मनातून उतरतं. आधी सोबत करणारं, दुःख ओळखणारं एखादं पुस्तक वाचा. पण एकच. उदास मनाला उदास आठवणी अधिक सहज सुचतात, असं मानसशास्त्रज्ञ गॉर्डन बाउअर यांनी 1981 मध्ये मांडलं. लागोपाठ तीन करुण कादंबऱ्या वाचल्या की त्या आठवणींना रोज खतपाणी मिळतं. दुसरं पुस्तक मधल्या रंगाचं असावं: प्रवास, निसर्ग, एखाद्या कारागिरीचं वर्णन. विनोद त्यानंतर.

आणि मन ताजं असेल, झोप झालेली असेल, तो दिवस हलक्या पुस्तकावर घालवू नका. वर्षभर राहून गेलेला जड ग्रंथ उघडायची वेळ तीच.

ऋतूचं गणित थोडं निराळं. इथे महिन्याचं नाव बघू नये, तुमच्याकडचा उजेड, उकाडा आणि दमटपणा बघावा. उकाड्यात झोप अपुरी होते आणि लक्ष लवकर तुटतं, म्हणून कथासंग्रह, पत्रं, छोटे लेख बरे. जड वाचन पहाटेच्या पाऊण तासात उरकावं. थंडीत रात्र मोठी असते, तेव्हा जाडजूड कादंबरी साधते. मात्र हिशेब करून सुरुवात करा: 720 पानांना रोज 24 पानं धरली तर 30 दिवस लागतात. थंडी सरायला दहा दिवस उरले असताना सुरू केलेली कादंबरी मध्येच लटकते, कारण दिवस बदलले की वाचायची वेळही बदलते. पांघरुणात वाचणार असाल तर पुस्तकाचं खरोखरचं वजनही बघा. जड बांधणीची प्रत एका हातात पंधरा मिनिटंही धरवत नाही, आणि मग दोष लेखकाला दिला जातो.

पावसाळी दिवसांत वाचक हमखास गहिऱ्या, संथ पुस्तकांकडे ओढला जातो. ती ओढ पुरवावी, पण दिवसभर अंधारून येत असेल तर उजेडाच्या दिवसांत घडणारी एखादी कथा जोडीला ठेवावी. या दिवसांत दुर्मीळ प्रत बाहेर काढू नये. दमट हवेत कागद ओल धरतो, पानांच्या कडा लाटेसारख्या वळतात, आणि हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली तर बुरशीचा धोका वाढतो. एखाद्या ठरावीक ऋतूत दरवर्षी मन खचत असेल, किंवा उदासी, झोप-भुकेचा बिघाड दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर पुस्तक बदलून भागणार नाही, डॉक्टरांना भेटा.

उशाशी एका वेळी तीनच पुस्तकं असू द्या: एक जड, एक हलकं, एक कुठूनही उघडता येईल असं. पाचांवर गेलं की कुठलंच पुढे जात नाही.

सोडायचं कधी? अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम सोपा आहे: 50 पानं द्या, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर 100 मधून वय वजा करून उरतील तेवढीच द्या. त्याला एक जोड द्यावी. पुस्तक मिटताना थांबलेल्या पानात चिठ्ठी ठेवा, तिच्यावर तारीख आणि चार शब्दांत कारण: ‘नावं लक्षात राहत नाहीत’, ‘फार संथ वाटतंय’. चार-सहा महिन्यांनी, हवा पालटल्यावर, ती चिठ्ठी वाचून त्याच पानापासून पुन्हा दहा पानं वाचा. दुसऱ्या खेपेलाही तेच कारण लिहावं लागलं, तर पुस्तक खुशाल दुसऱ्या वाचकाला देऊन टाका.