जॉबच्या नावात टक्का आला आणि शेड्युलर आडवा: या चुका टाळा

माझी सर्वांत नावडती चूक आधी. बाहेरून आलेला मजकूर थेट सिसलॉगच्या (लॉगमध्ये नोंद लिहिणाऱ्या फंक्शनच्या) फॉरमॅटच्या जागी देणे. फॉरमॅट म्हणजे छपाईचा साचा, त्यात टक्का आला की पुढचं अक्षर हुकूम होतं.

जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये सी भाषेत लिहिलेला घरचा शेड्युलर होता, म्हणजे ठरल्या वेळी कामं (जॉब) चालवणारा प्रोग्रॅम. ऐन हंगामात तो रात्री दोनला पडायला लागला. उठवला की रांगेतला तोच जॉब उचलायचा, पुन्हा आडवा. सकाळी काट्यावर गाड्यांची रांग, पावत्या नाहीत, आणि मुनीमजी विचारतात, "काय व्हयनं भाऊ?" मी दोन दिवस यूपीएसला शिव्या घातल्या. शेवटी कोअर डंप (प्रोग्रॅम पडतानाची मेमरीची प्रत) उघडला. कोणीतरी नवा जॉब लावला होता, इंग्रजी अक्षरांत: 'मॉइश्चर 8% स्लिप'. शेड्युलर हे नाव जसंच्या तसं सिसलॉगला फॉरमॅट म्हणून देत होता. टक्क्यानंतरची मोकळी जागा प्रिंटएफ (सीचं छपाईचं फंक्शन, सिसलॉगचे नियम तेच) फॉरमॅटचाच भाग समजतो, आणि पुढे 'स्लिप'चा एस. झाला परसेंट-एस, म्हणजे 'सोबत दिलेल्या पत्त्यावरचा मजकूर छाप'! सोबत आर्ग्युमेंट काहीच नाही, मग हाताला लागला तो कचरा पत्ता समजून वाचायला गेला. सेगफॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून सिस्टिमने प्रोग्रॅम मारला.

पडला म्हणून कळलं तरी. परसेंट-एक्स (आकडा छापणारा) असता तर मेमरीतला माल गुपचूप लॉगमध्ये उतरला असता. परसेंट-एन तर मेमरीत लिहितो, आणि शेड्युलर बहुधा रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) चालतो. 2000 साली डब्ल्यूयू-एफटीपीडी हा फाइल सर्व्हर याच दारातून फुटला होता.

दुरुस्ती एका ओळीची: फॉरमॅट माझा, नुसता परसेंट-एस, नाव त्याच्यापुढे वेगळं. घाईतली पोरं नावातला टक्काच गाळून टाकतात. अरे, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, मुनीमजींनी टक्का लिहायचाच नाही का? जॉबचं नाव आजही तेच आहे.

जीसीसी या कंपायलरचा फॉरमॅट-सिक्युरिटीचा इशारा मी सरळ एरर करून टाकतो. इशारे बंद करून बिल्ड पास करणाऱ्यांशी माझं जमत नाही. स्वतःचं लॉग फंक्शन असेल तर त्याला फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट लावा, नाहीतर कंपायलर तिकडे बघतच नाही.

क्रॉनटॅबमधला (लिनक्समधल्या वेळापत्रकाच्या फाइलमधला) टक्का हे वेगळं दुखणं. तिथे तो नवी ओळ होतो, पुढचं सगळं कमांडच्या इनपुटला जातं. बॅकअपच्या नावात तारीख घालायला जाता आणि बॅकअपच होत नाही. टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या. मी तर सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवतो, क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचा पत्ता.

आणि "आमचं पायथॉन आहे" म्हणणाऱ्यांनी युजरचीच स्ट्रिंग फॉरमॅट म्हणून वापरून बघावी. डॉट लावत लावत ऑब्जेक्टच्या पोटातलं बाहेर येतं.