आधी भरतीचं वेळापत्रक वाचा

कला किंवा सिनेमा शिकलेली मुलं विचारतात, हवामानबदलावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर त्यांना फारसं रुचत नाही. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायला शिका. भारतीय सर्वेक्षण विभाग ते छापतो, त्यात गोव्याचं मुरगाव बंदर आहे.

हे शहाणपण मला फजितीतून आलं. माझा पहिला लघुपट गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या खाजनावर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीवर होता. मांडवी नदीचं पाणी बांधावरून शेतात शिरताना टिपलं, वर गंभीर संगीत चढवलं आणि ‘समुद्र वाढतोय’ अशी पाटी टाकली. स्वतःवर जाम खूश होतो. एका समुद्रशास्त्रज्ञ बाईंना दाखवलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “चित्रण कुठल्या तिथीचं?”

अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाचं.

“मग हे उधाण आहे. महिन्यातून दोनदा येतंच.”

मग त्यांनी हिशेब मांडला. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरनं चढली. म्हणजे सारं मिळून आठेक सेंटिमीटर, चार बोटं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरकच दोन मीटरच्या घरात. तेव्हा माझ्या दृश्यात वाढलेला समुद्र होता तो फार तर चार बोटं, बाकी सगळा चंद्र. पण बांध तेवढाच राहिला, तर हीच चार बोटं उधाणाच्या दिवशी पाणी पलीकडे टाकू शकतात. खरी गोष्ट ही होती, आणि ती माझ्या फिल्ममध्ये नव्हतीच.

पाटी काढली आणि पुन्हा बेटावर गेलो, या वेळी बाईंच्या सामानाचा हमाल म्हणून. नवख्यांनी ही हमाली जरूर करावी, मुलाखतीपेक्षा जास्त कळतं. बाईंनी शेतातल्या पाण्याचा थेंब क्षारमापकाच्या काचेवर ठेवला, उजेडाकडे धरून मला डोळा लावायला सांगितलं. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ दर हजारी बावीसवर. समुद्राचं पाणी पस्तिसाच्या आसपास असतं. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तेच पाणी बोटानं जिभेला लावलं आणि थुंकला. खाऱ्या मातीत तग धरणारं कोरगुट भात लावणारा माणूस तो. म्हणाला, “पुता, दर्या चडला म्हण सगळे सांगतात, पूण बांदाक माती कोण घालता?”

त्या वाक्यानं माझा विषयच बदलला. खेकडे बांधाला भोकं पाडतात, शेती सोडलेली घरं डागडुजीला येत नाहीत. एक भगदाड पडलं की खारं पाणी आत, आणि मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. हवामानबदल या सगळ्यावर वरून बसतो. नुसता समुद्र दाखवणं सोपं, पण अर्धं खोटं.

पैशांचं थोडक्यात सांगतो: सुरुवातीला यात मिळत नाहीत. मी लग्नांचं चित्रीकरण करायचो. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो, तिथे चित्रपट भरपूर बघा, पण पहिला खेळ गावात लावा.

आम्ही तसाच लावला. नव्या फिल्ममध्ये मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचं, एक सलग दृश्य आहे, संगीत नाही. भरती चढते, बाहेरचं पाणी लाकडी दार रेटतं आणि ते आपोआप मिटतं. खेळ संपल्यावर मागून एक बाई उठल्या. वाटलं, कौतुक करणार.

“ती खालची फळी कुजल्या,” त्या म्हणाल्या. “कोणी पाहिली?”