सेफ्टी ऑफिसर घडवताना या चुका टाळा

सेफ्टी ऑफिसरांना शिकवताना एक चूक प्रत्येक बॅचमध्ये दिसते आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो. बंदिस्त जागेत उतरण्याचं परमिट टेबलावर बसून भरलं जातं, टाकीपाशी कुणी फिरकतही नाही.

एका केमिकल कारखान्यात ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची, टाकी साफ करायची होती. लेखी परीक्षेत पहिला आलेला मुलगा गॅस डिटेक्टर घेऊन पुढे झाला. मॅनहोलच्या तोंडाशी धरला, ऑक्सिजन २०.९ टक्के. लगेच सहीला पेन काढलं. मी थांबवलं, नळी जोडून खाली सोडायला लावली. मध्यावर आकडा वीसच्या खाली आला. गाळाच्या वीतभर वर पोचलो तर १७.८, आणि डिटेक्टर कोकलायला लागला. आत उतरायला किमान १९.५ लागतो. शिडी लावून झाली होती, कंत्राटदाराचा माणूस पँट दुमडून तयार उभा होता.

हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड म्हणून तळाशी, मिथेन हलका म्हणून वर, हे त्या मुलाला तोंडपाठ होतं. नळी सोडायला मात्र त्याला कुणी कधी लावलंच नव्हतं. याचा दोष मी शिकवणाऱ्यांना देतो. माझ्या वर्गात आता परमिट टाकीच्या तोंडाशी उभं राहूनच भरायचं. डिटेक्टर मोकळ्या हवेत चालू करायचा. वर, मध्ये, तळाशी अशी तीन मापं, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून. नळी लांब असेल तर आणखी थांबायचं. ‘सर, एवढा वेळ कुठे असतो?’ असं विचारणाऱ्याला मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावतो.

आणि ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ हे कुणाच्याही तोंडून खपवून घेऊ नका. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं.

आतला माणूस कोसळला तर काय कराल, असं विचारलं की निम्मा वर्ग म्हणतो, ‘आत उडी मारू.’ भावना चांगली आहे, पण माणसं अशीच जातात. बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले होते, असं अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९८६ साली सांगितलं. म्हणून ट्रायपॉड (तिपाई), विंच (दोर गुंडाळून ओझं उचलणारं यंत्र) आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) लावून बाहेरूनच ओढून काढण्याचा सराव घ्या. ऐंशी किलोची वाळूची पोती वापरा. नुसत्या हातांनी ओढताना दोघांना घाम फुटला की विंच कशाला लागते ते कळतं.

इअरप्लग नुसते वाटू नका. फोमचा प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बाहेर लोंबणारा प्लग काही कामाचा नाही.

रात्रपाळी संपल्यावर ट्रेनिंग ठेवू नका. डोळे उघडे असतात, तेवढंच.

हजेरीपत्रकावरची सही म्हणजे शिकणं नव्हे, आणि चार मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेतली म्हणजे वर्षभराचं काम झालं असंही नव्हे.

ओडिशा-बिहारच्या कामगारांसमोर मराठी स्लाइड लावणारे तर मी नेहमी पाहतो. त्यांच्यातलाच एक मुकादम पुढे बोलवा, त्याला शिकवा, मग त्याने बाकीच्यांना करून दाखवायचं. तुम्ही मागे उभे राहून फक्त त्याच्या हातांकडे बघा.