गाडी अ‍ॅव्हरेज देईना? मिस्तरीकडे जाण्याआधी या चुका टाळा

शंभर सीसीच्या बाइकवाल्याची तक्रार ठरलेली असते. घेतली तेव्हा साठ-पासष्ट द्यायची, आता पन्नासलाही रडते. मग तो मिस्तरीपुढे गाडी लावून म्हणतो, "जरा ट्यूनिंग करून द्या." पहिली चूक इथेच होते. एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले आणि बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग, गेला. आता पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो, स्क्रू पिळून काही होत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल कमी करून घेतलं तर चार किलोमीटर वाढतील, पण इंजिन तापेल. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, हवेवर थंड होणारं इंजिन बिघडायला तेवढं पुरतं.

इंजिनाला हात लावण्याआधी चाकं बघा. डबल स्टँड लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे सहज व्हायला हवेत. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक घासतोय. छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौक ते वाळूज, सिग्नलमागून सिग्नल, पाय सतत ब्रेकच्या पॅडलवर ठेवून जाणाऱ्यांची हीच गत असते. 2019 पासूनच्या छोट्या गाड्यांना सीबीएस आहे, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. ब्रेकवर पाय टेकवून चालवाल तर दोन्ही चाकं घासतील.

मग चेन. मधोमध बोटाने वर-खाली करून बघा, साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत तीन-चार जागी बघा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. आवाज नको म्हणून ती ताणून घेणारे पुष्कळ आहेत. अशी चेन बेअरिंग खाते आणि अ‍ॅव्हरेजही खाते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारी तापल्या रस्त्यावरून आलेल्या टायरचा काटा जास्तच दाखवतो, आणि पंपावरचा पोरगा तेवढी हवा सोडून देतो. किती भरायची ते पुस्तकात आणि बहुतेक वेळा चेनकव्हरवर लिहिलेलं असतं. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तो कोणी वाचत नाही.

अ‍ॅव्हरेज मोजायचं तर "शंभराचं टाकलं, दोन दिवस चाललं" हा हिशेब सोडा. टाकी फुल करा, दोन-अडीचशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

धुळीचं वेगळं सांगायला नको. पण एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारणं ही सर्रास चूक आहे. अनेक गाड्यांत आता तेलाचा थर दिलेला कागदी फिल्टर असतो. तो झटकायचा नाही आणि धुवायचाही नाही, थेट बदलायचा. कंपनीने दिलेला किलोमीटरचा आकडा चांगल्या रस्त्यांचा असतो. रस्त्याचं काम चालू असलेल्या भागातून रोज जात असाल तर त्याच्या आधीच बदला.

टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हजवळच्या फटीचा, थोडा टिकटिक आवाज असलेला बरा. तो पूर्ण बंद करून घेतला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब जातो आणि गाडी चढाला उचलत नाही. टॅपेट नेहमी थंड इंजिनावरच बघायला लावा. मिस्तरी घाईत असेल तर गाडी त्याच्याकडे रात्रभर ठेवा.

ऑइलचं थोडक्यात: कारचं ऑइल टाकू नका. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए2 हा बाइकच्या ऑइलचा शिक्का लिहिलेला हवा.

गाडी काही अंतर चालते, बंद पडते, जरा थांबलं की पुन्हा सुरू होते? टाकीचं झाकण उघडून बघा. उघडल्यावर लगेच सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक धुळीने बुजलंय. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने गाडी धुतल्यावर हे हमखास होतं. एफआय, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या नव्या गाडीत पेट्रोलचा काटा कायम तळाशी ठेवू नका. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो.

उसतोडीला जाणाऱ्या बीड-धारूरकडच्या घरांत गाडी चार-पाच महिने ओट्यावर उभी राहते. परत आल्यावर किका मारून दमण्यापेक्षा जाताना बॅटरीची वायर काढा. कार्बोरेटरची गाडी असेल तर त्यातलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका, ते सुकलं की जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक बुजतं.

आणि कागद. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे अपघातात समोरच्याला भरपाई देणारा विमा मिळतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण चोरी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान यांचा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली तर या विम्यातून एक रुपया मिळत नाही. पॉलिसीवर विमा संपण्याच्या दोन वेगवेगळ्या तारखा असतात, त्यातली आधी येणारी आज बघून ठेवा.