शॉनी गोष्ट ऐकायला जाताना

सगळ्यात आधी फोन पर्समध्ये टाका. मी टाकला नव्हता. लायब्ररीच्या हॉलमध्ये गोष्ट सांगायला आलेल्या शॉनी (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एक समाज) बाई बोलता बोलता थांबल्या, माझ्या वर धरलेल्या हाताकडे बघत राहिल्या, आणि मग सगळा हॉलच माझ्याकडे बघायला लागला. "ही इथे ऐकायची गोष्ट आहे," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहते. चिलिकोथी, पिक्वा ही आमच्याकडची गावं मुलांना सहलींमुळे पाठ आहेत, पण ही शॉनी लोकांच्या शाखांची नावं आहेत हे मला दहा वर्षं माहीत नव्हतं. नावं राहिली, माणसं नाही. मूळ रहिवाशांना पश्चिमेला हलवण्याच्या १८३०च्या कायद्यानंतर दोन-तीन वर्षांतच ओहायोतल्या वापाकोनेटा, लुइसटाउन इथल्या शॉनींना मिसिसिपी नदीपलीकडे पाठवलं गेलं. आज अमेरिकी सरकारची मान्यता असलेल्या तीन शॉनी जमाती आहेत : ईस्टर्न शॉनी, अ‍ॅबसेंटी शॉनी आणि शॉनी ट्राइब. तिघींचीही मुख्यालयं ओक्लाहोमात आहेत.

म्हणून मंडळासाठी किंवा शाळेसाठी कुणाला बोलवायचं असेल, तर पहिला प्रश्न "तुम्ही या तिघींपैकी कुठल्या?" हा हवा. तो विचारण्यात उद्धटपणा नाही. मान्यता नसलेले काही गटही स्वतःला शॉनी म्हणवतात, आणि त्याबद्दल या जमातींची तक्रार जुनी आहे. सरळ जमातीच्या संस्कृती विभागाला ईमेल करा. उत्तराला वेळ लागतो, तेवढी सवड ठेवूनच तारीख धरा.

तारखेवरून आठवलं. आपण खुलभर दुधाची कहाणी श्रावणात वाचतो, पौषात कुणी काढत नाही. इथल्या वनप्रदेशातल्या बऱ्याच जमातींतही काही गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या असतात. त्यामुळे "जूनच्या पिकनिकला एखादी छोटीशी गोष्ट" असा आग्रह धरू नका. कधी यायला आवडेल ते त्यांनाच विचारा. आम्हाला जानेवारी मिळाला. बाहेर बर्फ, आत मोजून तेवीस माणसं.

मानधन आधी ठरवा, प्रवास आणि हॉटेल वेगळं. आमच्या बैठकीत शाल-श्रीफळ पुरेल असं सुचवणारे निघालेच. त्यांना मी फक्त ओक्लाहोमाहून विमानाचं भाडं सांगितलं.

मुलांना घरून दोन गोष्टी सांगून न्या. एक, पिसांचा टोप दिसणार नाही. बाई स्वेटर आणि जीन्स घालून आल्या होत्या. दोन, गोष्ट संपल्यावर "तात्पर्य काय?" असं विचारायचं नाही. ही खोड मुलांची नाही, आपली. गोष्ट संपली की थोडा वेळ गप्प बसायचं, आणि निघताना "नियावे" म्हणायचं. शॉनी भाषेतलं हे "धन्यवाद". ती भाषा बोलणारे आता फार थोडे उरलेत, म्हणून आपला उच्चार वाकडा आला तरी म्हणावं.

त्या दिवशीची एक गोष्ट मी इथे सांगते, कारण ती पूर्वीच छापून आलेली आहे आणि सांगायला हरकत नाही असं मी विचारून घेतलं आहे. बाकीच्या सांगत नाही. शॉनींची सृष्टिकर्ती म्हणजे आजी, सगळ्यांची आजी. ती दिवसभर विणत असते आणि रात्री तिचा कुत्रा ते सगळं उसवून टाकतो. ज्या दिवशी तिचं विणकाम पुरं होईल, त्या दिवशी हे जग संपेल. माझ्या मुलीला वाटलं होतं की कुत्रा वाईट. घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून एकदम आवाज आला, "म्हणजे कुत्र्यामुळे आपण आहोत?" मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. निसर्गाचा आदर वगैरे शब्द बाईंनी एकदाही उच्चारले नव्हते.

त्यांनी विचारलं ते वेगळंच : "तुमच्या घरामागे कुठली झाडं आहेत?" तेवीस माणसांत चौघांना सांगता आलं. तेव्हा जाण्याआधी एवढा गृहपाठ करून जा. मला पॉपॉ माहीत होतं, ते निव्वळ खादाडपणामुळे. ओहायोच्या ओढ्याकाठी वाढणारं हे फळ आपल्या सीताफळाच्याच कुळातलं. गर पिवळा, केळं आणि आंबा कालवल्यासारखा, बिया काळ्याभोर. शॉनी भाषेत सप्टेंबरच्या सुमाराच्या महिन्याला या फळाचंच नाव आहे, हे मला बाईंनी सांगितलं.

मुलांना त्या दिवसाची आठवण म्हणून काही द्यायचं असेल तर बाजारातला ड्रीमकॅचर (पिसं लटकवलेलं जाळीचं कडं) आणू नका, तो मुळात शॉनींचा नाहीच. पॉपॉच्या बिया द्या. फळ खाल्ल्यावर बिया धुवा, पण वाळवू नका, वाळली की बी मेली. ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये तीन महिने ठेवा. त्यांना थंडी लागल्याशिवाय त्या उगवत नाहीत. वसंतात खोल कुंडीत पेरा, कारण आधी मूळ लांबलचक खाली जातं आणि कोंब खूप उशिरा दिसतो. आमच्या सप्टेंबरातल्या बिया कढीपत्त्याच्या डब्यामागे होत्या. मुलीने पिशवीवर तारीख घातली आहे आणि खाली एक कुत्रा काढला आहे.