झुशीच्या किनाऱ्यावर लहान मुलांना न्यायचंय? आधी परतीचं ठरवा

जपानमध्ये मुलांना समुद्रावर न्यायचं म्हटलं की सल्ले मिळतात ते सगळे सुरुवातीचे. तंबू कुठला घ्यावा, सनस्क्रीन कुठलं लावावं, सकाळी किती वाजता निघावं. "सूर्यास्त बघूनच निघा, तिथून फुजी दिसतो," असंही मला तिघाचौघांनी सांगितलं होतं. पाच वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर हे मुळीच ऐकू नका. दिवस नासतो तो शेवटच्या दीड तासात. पोर ओलं असतं, वाळूने माखलेलं असतं, भूक आणि झोप दोन्ही एकदम आलेल्या असतात आणि पुढे तासाभराचा ट्रेनचा प्रवास असतो. गेले सात उन्हाळे मी दोन मुलांना घेऊन जाते आहे. आता आधी परतीची गाडी ठरवते आणि मग बाकीचा दिवस.

किनारा कुठला

तोक्योहून जाणार असाल तर झुशी. कामाकुरा आणि एनोशिमा नावाजलेले आहेत, पण ऐन उन्हाळ्यात तिथली गर्दी पोरांना झेपत नाही. झुशीचा किनारा सागामी उपसागराच्या आतल्या एका छोट्या खाडीत आहे. लाटा लहान असतात आणि तळ हळूहळू उतरत जातो, त्यामुळे बरंच आत गेलं तरी पाणी मोठ्यांच्या गुडघ्यापर्यंतच राहतं. शिवाय २०१४ पासून शहराचे नियम कडक आहेत. वाळूवर दारू पिणं, बार्बेक्यू करणं, स्पीकरवर गाणी लावणं, सगळ्याला बंदी. लहान मुलांच्या आईबापांना आणखी काय हवं?

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळं आहे. योकोसुका आणि शोनान-शिंजुकु लाइनच्या कितीतरी गाड्या झुशीलाच सुटतात. परतताना रिकाम्या गाडीत चढायचं आणि मुलांना मांडीवर घेऊन बसायचं. पहिल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका किनाऱ्यावर गेलो होतो, तेव्हा अकरा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन मी पूर्ण रस्ता उभी होते.

केव्हा

जुलै ते ऑगस्ट अखेर, पोहण्याचा अधिकृत हंगाम चालू असताना. जीवरक्षक तेव्हाच असतात आणि ‘उमी-नो-इए’ही तेव्हाच उघडी असतात. ही किनाऱ्यावर उन्हाळ्यापुरती उभारलेली लाकडी विश्रांतिगृहं. ऑगस्टच्या मध्याला ओबोन हा पितरांचा सण येतो आणि त्यानंतर जेलीफिश वाढतात, म्हणून मी त्याआधीच जाऊन येते. दूर कुठे चक्रीवादळ असेल तर इथे आभाळ स्वच्छ असलं तरी लाटा चढतात. त्यांना जपानी माणसं ‘दोयोनामी’ म्हणतात. अशा दिवशी, किंवा उष्माघाताचा ‘नेच्चूशो केइकाइ अलर्ट’ लागला असेल तर, घरीच थांबा. मुलं रडतील, रडू द्या.

जाताना

तोक्यो स्टेशनहून योकोसुका लाइनने साधारण एक तास. तिथला फलाट जमिनीखाली पाचव्या मजल्यावर आहे, बाबागाडी असेल तर लिफ्टसाठी पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. शाळेत न जाणाऱ्या मुलांना तिकीट नाही, एका मोठ्या माणसामागे दोघं फुकट. झुशी स्टेशनवरून किनारा पायी पंधरा मिनिटं. साडेआठपर्यंत पोचा.

पोचल्या पोचल्या एक काम करा. नळाच्या पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या तीन बाटल्या भर उन्हात मांडून ठेवा. त्या कशासाठी, ते पुढे सांगते.

पाण्यात

कोकणात वाढलेली आपण माणसं समुद्रावर गेलो की आधी भरती-ओहोटीची वेळ विचारतो. झुशीला त्याआधी वारा बघा. मूठभर कोरडी वाळू वर सोडा. ती समुद्राच्या दिशेने उडाली, तर त्या दिवशी रबरी टायर, फुगवलेले मगर-मासे काही काही पाण्यात न्यायचं नाही. पाणी संथ दिसतं, म्हणून माणूस गाफील राहतो, आणि वारा टायरला मुलासकट आत ढकलत नेतो. चेंडू वाहून गेला तर जाऊ द्या, त्याच्यामागे पोहत जाऊ नका. वारा चांगला असला तरी टायरवर तुमचा एक हात हवाच. टायर म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, आणि जॅकेट घातलं म्हणून नजर हटवायची असंही नाही. मुलांचे पोहण्याचे कपडे नारिंगी किंवा भडक पिवळे घ्या, निळे-करडे पाण्यात दिसत नाहीत.

झेंडे मुलांनाही शिकवा. निळा म्हणजे पोहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. लाल-पांढरा चौकटींचा झेंडा कोणी हलवताना दिसला तर तो त्सुनामीचा इशारा. २०२० पासून हा झेंडा वापरात आहे. तो दिसला की सामान तिथेच टाकून मुलांना उचला आणि उंचावर निघा. समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक ११८, रुग्णवाहिकेसाठी ११९.

वाळूत निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर मुलांना हात लावू देऊ नका. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर येणारा ब्लू बॉटल तो हाच, जपानीत ‘कात्सुओ-नो-एबोशी’. मेलेला असला तरी डंख करतो. डंख झालाच तर गोडं पाणी किंवा व्हिनेगर न लावता समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि थेट जीवरक्षकांकडे जा.

खाणं

उघड्यावर खायचं नाही, कारण घारी. आमच्या थोरल्याने तूप-साखरेची पोळी गुंडाळून हातात धरली होती, पहिला घास अजून तोंडातच होता. मागून एक झोत आला, पंखाचं टोक त्याच्या कानाला लागलं आणि पोळी गेली. बोटावर नखाचा बारीक ओरखडा उठला. घार नेहमी पाठीमागून येते, त्यामुळे येताना दिसतच नाही. छत्रीखाली किंवा उमी-नो-इएच्या छपराखाली बसून खा. शाकाहारी असाल तर डबा घरूनच न्या. तिथल्या नूडल्समध्ये आणि करीत मांस असतं, रश्शात मासळीचा अर्क असतो. मुलांना बर्फाचा गोळा मात्र खुशाल द्या, इथे तो वाटीत मिळतो आणि त्याला ‘काकिगोरी’ म्हणतात. प्यायला थंडगार मुगिचा, म्हणजे जवाचा चहा. त्यात कॅफीन नसतं.

वाळू उतरवणं

मी सगळ्यात जास्त चुका इथेच केल्या. पहिल्या वर्षी आम्ही पाच वाजेपर्यंत थांबलो. शॉवरसमोर लांबलचक रांग होती. चाळीस मिनिटांनी नंबर लागला तेव्हा ऊन उतरलं होतं, पाणी गार होतं आणि लेक थडथडत होती. घाईघाईत मी टॉवेलने तिचे पाय खसाखसा पुसले. वाळू गेली नाही, कातडी तेवढी सोलवटली. पोहण्याच्या डायपरच्या इलॅस्टिकखाली वाळूचा ओला थर बसला होता, तो मला दिसलाच नाही. घरी येऊन बघितलं तर दोन्ही जांघा लालभडक, आणि एका ठिकाणी रक्ताचा ठिपका. तेव्हापासून मी एक क्रम ठरवला आहे आणि तो मोडत नाही.

बारा वाजता पाण्याबाहेर. मुलं कितीही रंगात असोत, बाराच. तेव्हा शॉवरला रांग नसते, ऊन असल्याने पोरं गारठत नाहीत आणि अजून कोणी चिडलेलं नसतं.

बाहेर येण्याआधी गुडघाभर पाण्यात उभं राहून पोहण्याचे कपडे आणि डायपर ताणून आतली वाळू समुद्रातच सोडायची. ओंजळीत घेण्याइतकी निघते. तिथून धाकट्याला कडेवर घेऊन थेट चटईपर्यंत. चालू द्यायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं वाया. थोरल्याच्या पायात पाण्याचे बूट असू द्या, दुपारच्या वाळूने तळवे भाजतात.

आता त्या उन्हातल्या बाटल्या काढा. तीन तासांत पाणी छान कोमट झालेलं असतं. आधी आपल्या मनगटावर ओतून बघा, कडक तापलेल्या दिवशी बेताहून जास्त गरम निघू शकतं. एका मुलाला एक बाटली पुरते. मान, काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, याच क्रमाने धार सोडायची. तिसरी बाटली पायांसाठी. मुलाला चटईच्या कडेला बसवून पाय बाहेर सोडायला लावा, धुवा आणि लगेच आत घ्या.

टॉवेल घासायचा नाही. नुसता टिपायचा. मग पाच मिनिटं मुलाला सावलीत कोरडं होऊ द्या, चाळा म्हणून हातात काहीतरी खायला द्या. एवढं करूनही जी वाळू चिकटून राहते तिच्यासाठी बेबी पावडर. ती आधी आपल्या तळहातावर घ्यायची, मुलाच्या तोंडाजवळ डबा झटकायचा नाही. ती पायावर चोळून कोरड्या हाताने झाडली की वाळू सरसर गळून पडते. पावडर ओल शोषून घेते आणि वाळू धरून ठेवते ती ओलच. ओल्या अंगावर पावडर लावलीत तर चिखल होईल, म्हणून ती पाच मिनिटं सोडू नका.

कपडे बदलायला ‘माकी-ताओरु’ घ्या, इलॅस्टिक आणि टिचबटणांचा गुंडाळायचा टॉवेल. इथल्या बालवाडीतल्या प्रत्येक पोराकडे असतो. मूल त्यात उभं राहतं आणि आतल्या आत कपडे बदलतं. चड्डी चढवण्याआधी जांघांत पुन्हा एकदा बोट फिरवून बघा. बोटाला खरखर लागली तर अजून थोडं पाणी.

मुलं पूर्ण तयार होईपर्यंत मोठ्यांनी स्वतःचं आवरायला जाऊ नये. सगळे एकदम शॉवरला गेले की तयार झालेलं मूल पुन्हा वाळूत बसतं, हे मी दोनदा भोगलं आहे. एकाने मुलांजवळ थांबावं, दुसऱ्याने जाऊन यावं. मुलांचे कोरडे बूट किनाऱ्यावर पिशवीतून बाहेर काढायचेच नाहीत, डांबरी रस्ता लागेपर्यंत त्यांना उचलून न्या.

परत

कचरापेटी सापडणार नाही, डायपरसकट सगळं घरी न्यायचं, म्हणून घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या दुप्पट घ्या. ओल्या कपड्यांनी गाडीत बसायचं नाही. दीडच्या सुमारास झुशीहून सुटणारी गाडी धरली की मुलं बहुतेक योकोहामाच्या आधीच झोपतात.

घरी पोचल्यावर पोहण्याचे कपडे लगेच मशीनमध्ये टाकू नका. साध्या पाण्यातून काढा, बाल्कनीत कडक वाळवा, उलटे करून झटका आणि मगच धुवा. टॉवेलच्या शिवणीत वाळू दडून राहते, तिथे ब्रश फिरवा.